अन्नपूर्णा ते ओकायामा : एका वर्षाचा हिशेब

आमच्या दाजींची एक वही आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, जुन्या दुकानदारांकडे असायची तशी. घराच्या रंगकामापासून ताईच्या चष्म्यापर्यंत सगळा खर्च त्या वहीत उतरतो. २०२३ च्या उन्हाळ्यात तिच्यात एक नवं पान निघालं. वर ठसठशीत अक्षरात ‘जपान’ असं लिहिलं होतं. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे. नावे बाजू भराभर भरत गेली. पासपोर्ट, विमानाचं तिकीट, थंडीचे कपडे, विमा. आणि सगळ्यांत शेवटी, रकमेच्या रकान्यात आकडा न टाकता दाजींनी लिहिलं होतं : ‘एक वर्ष’.

माझी ही थोरली बहीण इंदूरला अन्नपूर्णा भागात राहते. मंदिरापासून घर चालत दहा मिनिटांवर. आपल्या रावेर-बऱ्हाणपूरकडच्या लोकांना इंदूर काही परकं नाही. इच्छापूरच्या रस्त्याला लागलं, मोरटक्क्याला नर्मदा ओलांडली की माहेरी आल्यासारखंच वाटतं. लहानपणी सुट्टीत गेलो की मंदिराच्या दारातले ते मोठाले हत्ती आम्ही पुन्हा पुन्हा मोजायचो. आता त्या रस्त्याला इतकी वाहनं असतात की हत्तींकडे बघायला उभं राहणंसुद्धा अवघड.

तर या घरातली माझी भाची. बारावीनंतर ती पुण्याला जपानी भाषेच्या पदवीला गेली. ‘इंजिनिअरिंग सोडून हे काय?’ असा प्रश्न सगळ्या नातेवाइकांनी एकेकदा विचारून झाला होता. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे. ओकायामा शहरातल्या कोराकुएन या तीनशे वर्षांच्या जुन्या बागेच्या धर्तीवर ते आखलं आणि २००६ मध्ये खुलं झालं. भाची दर रविवारी तिथं जाऊन पुस्तक घेऊन बसायची. त्यामुळे कॉलेजातून वर्षभरासाठी ओकायामातल्या एका विद्यापीठात जायची संधी निघाली, तेव्हा तिला ते गाव जरा ओळखीचं वाटलं. घरच्यांना मात्र नकाशात शोधावं लागलं.

अण्णांचं पुस्तक

घरात दोन तट पडले. दाजी म्हणाले, मुलीचं एक वर्ष मागे पडेल. ताईला भीती वेगळीच, तिकडचीच झाली तर? आणि भीतीला आधार दाजींनीच जपून ठेवलेल्या कात्रणाचा. २०१९ मध्ये टोकियोच्या एडोगावा विभागाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक निवडून आले, तेव्हाचं ते कात्रण. अंबरनाथकडचा हा मराठी माणूस १९९७ मध्ये पहिल्यांदा विद्यार्थी म्हणून जपानला गेला, नंतर पुन्हा शिकायला गेला, २००१ मध्ये नोकरीनिमित्त तिकडे स्थिरावला. २०१२ मध्ये जपानी नागरिकत्व घेतलं आणि जपानमध्ये निवडून येणारा पहिला भारतीय वंशाचा माणूस ठरला. २०२३ मध्ये तर इबाराकी प्रांतातल्या एका नावाजलेल्या सरकारी शाळेचा मुख्याध्यापक झाला. दाजींनी ते कात्रण कौतुकाने ठेवलं होतं. ताईने तेच पुढे करून म्हटलं, “बघा. हेही शिकायलाच गेले होते.”

अडलेलं गाडं सोडवलं ते दाजींच्या आईने. आजींचं वय तेव्हा त्र्याऐंशी. त्यांचं शिक्षण पुण्याला हिंगण्याच्या आश्रमशाळेत झालेलं. महर्षी कर्व्यांना त्यांनी शंभरीच्या जवळ पोचलेले असताना पाहिलेलं आहे आणि अजूनही त्या त्यांना ‘अण्णा’च म्हणतात. जेवताना, काहीच विशेष नाही अशा सुरात त्या म्हणाल्या, “अण्णांना विद्यापीठाची कल्पना जपानच्या पुस्तकावरूनच आली होती की.”

दाजींना हे ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, पण त्या वेळी आठवलं नव्हतं. घडलं होतं ते असं. १९१५ मध्ये कर्व्यांच्या हातात टपालाने एक इंग्रजी पुस्तिका आली. टोकियोच्या जपान महिला विद्यापीठाची माहिती देणारी. ते विद्यापीठ जिन्झो नारुसे यांनी १९०१ मध्ये काढलेलं. पुस्तिका पाठवली होती काशीच्या शिवप्रसाद गुप्तांनी, जे स्वतः जपान पाहून आले होते. कर्व्यांनी ती आधी बाजूला ठेवली, कामांच्या गर्दीत. पुढे वाचली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून बोलताना स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली. १९१६ मध्ये विद्यापीठ सुरूही झालं. आज आपण ज्याला एसएनडीटी म्हणतो ते हेच. १९२९ मध्ये निघालेल्या परदेश दौऱ्यात कर्वे जपानलाही जाऊन आले. वय सत्तरीच्या पुढे.

त्याआधीही आपल्याकडची नजर जपानकडे गेली होतीच. १९०५ मध्ये जपानने रशियाला हरवलं आणि स्वदेशीच्या त्या दिवसांत ‘जपानला जाऊन हुन्नर शिकून यावं’ ही गोष्ट तरुणांच्या डोक्यात बसली. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून पैसा फंड उभा राहिला, माणशी एक पैसा गोळा करून. त्या पैशांतून तळेगावला १९०८ मध्ये काचेचा कारखाना निघाला. तिथं काचकाम शिकवायला होते ईश्वरदास वार्ष्णेय, जे हे काम जपानमध्ये आणि पुढे अमेरिकेत शिकून आले होते. तळेगावात शिकलेल्या कारागिरांनी पुढे ठिकठिकाणच्या काच कारखान्यांत कामं केली. आपल्या आज्यांच्या काळातल्या कंदिलाच्या काचा, बरण्या यांच्यामागे कुठेतरी जपानला गेलेला एक विद्यार्थी आहे, हे मला फार आवडतं. विषयांतर झालं. असो.

आजींनी बाजू घेतल्यावर दाजी गप्प झाले, आणि दुसऱ्या दिवशी वहीत ‘जपान’चं पान निघालं.

पैशाचं गणित

वाचकांपैकी ज्यांच्या घरी असा विषय निघेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. ‘एक्सचेंज’ म्हणजे तिकडे पदवी घ्यायला जाणं नव्हे. दोन विद्यापीठांचा करार असतो. फी आपल्याच कॉलेजला भरायची, तिकडची फी माफ. सहा महिने किंवा वर्षभर राहायचं आणि परत येऊन इथली पदवी पूर्ण करायची. प्रवास, राहणं, जेवण आपल्या खर्चाने. काही जणांना जपानच्या विद्यार्थी साहाय्य संस्थेची, म्हणजे जासोची, महिना ऐंशी हजार येनची शिष्यवृत्ती मिळते. आपल्या पैशात साधारण पंचेचाळीस हजार. भाचीला ती मिळाली. दाजींच्या वहीतली जमा बाजू तेवढ्यावर चालू झाली. याशिवाय जपानी भाषा हाच मुख्य विषय असणाऱ्यांसाठी जपान सरकारची एक वर्षाची शिष्यवृत्ती आहे, तिला मेक्स्टची म्हणतात. तिचा अर्ज भारतातल्या जपानी वकिलातीमार्फत करता येतो आणि तीत विमानाचं तिकीटही येतं. तिच्यासाठी परीक्षा आणि मुलाखत द्यावी लागते.

इतकं असूनही आपली मुलं तिकडे फार जात नाहीत. २०२४ मध्ये जपानमध्ये सव्वातीन लाखांहून जास्त परदेशी विद्यार्थी होते. त्यांत एकट्या नेपाळचे साठ हजारांच्या वर. भारतातले दोन हजारही नाहीत. भाषेची भीती हे एक कारण आहेच. दुसरं, मला वाटतं, दाजींनी वहीत लिहिलेलं तेच. वर्ष.

फोडणी आणि घंटा

२८ सप्टेंबर २०२३ ला अनंत चतुर्दशी होती. रात्रभर झांक्या बघून जागलेली भाची दुसऱ्या दिवशी निघाली. सोबत मेतकूट, गोडा मसाला, तूरडाळ आणि तीन लिटरचा कुकर.

कुकरची गंमत पहिल्याच आठवड्यात झाली. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात इंडक्शनची शेगडी. आपला ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापतच नाही. मग कुठल्याशा दुकानातून स्टीलचं जाड पातेलं आणलं आणि फोडणी केली. फोडणीचा धूर छताला लागला आणि भोंगा वाजला. सगळ्या मजल्यावरच्या मुली बाहेर. भाची फोनवर हे सांगताना हसत होती, पण आजींना पुढे दोन दिवस एकच प्रश्न : “म्हणजे ती फोडणीशिवाय जेवतेय?”

शाकाहारी माणसाची तिकडे खरी अडचण मांसाची नसते, कारण मांस दिसतं तरी. अडचण ‘दाशी’ची. हा सुक्या माशाच्या कीसाचा आणि समुद्री शेवाळाचा अर्क, जो सूपमध्ये, भाजीत, कशातही असू शकतो. भाजीचं म्हणून समोर ठेवलेल्या वाडग्यातसुद्धा. पहिले दोन महिने तिने भात, अंडी, केळी आणि मेतकूट यांवर काढले. मंदिरात देवी अन्नपूर्णा आणि मुलीच्या ताटात केळी, असं ताई म्हणाली तेव्हा आमच्या रावेरच्या केळीची मला उगीच बाजू घ्यावीशी वाटली.

कचऱ्याचा मुद्दा निघाला तेव्हा मात्र इंदूरकर म्हणून सगळ्यांची मान ताठ झाली. ओला-सुका वेगळा करणं आम्हाला कोण शिकवणार! पण तिकडचं वर्गीकरण त्याच्याही पुढचं. जळणारा, न जळणारा, प्लास्टिक, बाटल्या, आणि बाटलीचं झाकण वेगळं. प्रत्येकाचा वार ठरलेला. वार चुकला की पिशवी तशीच दारात, वर चिठ्ठी चिकटवलेली. भाचीची एक पिशवी दोनदा परत आली.

मला सगळ्यांत जास्त रस भाषेत. मी मराठी शिकवते, त्यामुळे आमचे फोन जेवणावरून सुरू व्हायचे आणि व्याकरणावर संपायचे. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, आपल्यासारखंच. नामाला मागून शब्दयोगी लागतं. ‘चा’च्या जागी ‘नो’, ‘ला’च्या जागी बऱ्याचदा ‘नी’, ‘हून’च्या जागी ‘कारा’. म्हणून मराठी मुलांना वाक्य जुळवायला इंग्रजी मुलांपेक्षा सोपं जातं. अडतं ते चिनी चित्रलिपीपाशी, तिथं सगळे सारखेच रडतात. आणि त्यांची मुळाक्षरं ऐका : आधी अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व या ओळी. आपली बाराखडी आठवते की नाही? हा योगायोग नाही. बौद्ध भिक्षूंबरोबर सिद्धम् लिपीतून संस्कृतचं ध्वनिशास्त्र जपानला गेलं, त्यावरून हा क्रम लागला. हजारो मैलांवर जाऊन मुलगी पुन्हा पहिलीत बसली, तर पाटीवर ओळखीचाच क्रम.

ध्वनीवरून बनलेले शब्दही त्यांच्याकडे भरपूर. पाऊस धो धो पडला तर ‘झाआ झाआ’, भुरभुरला तर ‘शितो शितो’. घडाघडा बोलणं म्हणजे ‘पेरा पेरा’. इंग्रजीत भाषांतर करताना मराठी लेखकाची जिथं पंचाईत होते, तिथं जपानीत सरळ शब्द सापडतो.

एक गोष्ट तिने जरा उशिरा सांगितली. पुण्यात आल्या-आल्या तिच्या इंदुरी मराठीला वर्गातल्या मुली हसायच्या. ‘बस’ म्हणायच्या जागी ‘बसून जा’ म्हटलं की पोरी लोटपोट. तिने बोलणंच कमी केलं होतं. ओकायामात दुकानातल्या बाई, सायकल दुरुस्त करणारे आजोबा, सगळे तिथल्या बोलीत बोलायचे. ‘म्हणून’ला पुस्तकातला शब्द सोडून ‘जाके’ म्हणायचे. आणि टोकियोकडची मुलं त्यांना हसायची. भाचीने ती बोली हौसेने उचलली. दुकानातल्या बाई इतक्या खूश झाल्या की तिच्यासाठी दाशी न घातलेली भाजी वेगळी काढून ठेवायला लागल्या.

एक जानेवारी

तिकडे नवं वर्ष हा घरचा सण असतो, आपल्या दिवाळीसारखा. वसतिगृह रिकामं होतं. वर्गातल्या एका मैत्रिणीने तिला आपल्या गावी नेलं, तोयामाजवळ, समुद्रकाठी. मैत्रिणीची आजी एकटी राहायची.

१ जानेवारी २०२४, सोमवार. आपल्याकडे दुपारचे बारा चाळीस, तिकडे चार वाजून दहा मिनिटं. नोतो द्वीपकल्पात ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. नोतो आणि तोयामा शेजारी शेजारी. इथं अन्नपूर्णेत दाजी जेवून टीव्हीसमोर बसले होते. पडद्यावर जपानचा नकाशा आला, त्याच्या किनाऱ्याला त्सुनामीच्या इशाऱ्याच्या लाल-पिवळ्या रेघा होत्या, आणि त्यात तोयामाचं नाव होतं.

फोन लागेना. पावणेएक, दीड, अडीच. ताईने मला फोन केला, मी इकडे कॉलेजच्या स्टाफरूममध्ये. आपण काय करू शकतो? काहीच नाही. मी नुसती घड्याळाकडे बघत होते आणि साडेतीन तास मिळवत होते, म्हणजे तिकडे आता अंधार पडला असेल. आजी देवापुढे बसल्या नाहीत. त्या फोनजवळ खुर्ची ओढून बसल्या.

चारच्या पुढे निरोप आला. ‘शाळेत आहोत. आजीपण. सगळे ठीक. बॅटरी कमी.’

इशारा होताच मैत्रिणीने आजीला गाडीत घातलं होतं आणि तिघी आतल्या बाजूच्या एका प्राथमिक शाळेत गेल्या होत्या. रात्र तिथंच काढली, व्यायामशाळेच्या जमिनीवर. सकाळी भाताचे गोळे वाटले गेले, ओनिगिरी. ती आजी रांगेत उभी राहून वाटणाऱ्या माणसाला विचारत होती, मासा नसलेला कुठला? मग तिने खारवलेल्या आलुबुखाराचा, उमेबोशीचा गोळा आणून भाचीच्या हातात दिला. भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी, घराला तडा गेलेल्या बाईने. दोनशेहून जास्त माणसं त्या भूकंपात थेट दगावली, बहुतेक नोतोत.

२ जानेवारीला टोकियोच्या हानेदा विमानतळावर मदतसाहित्य घेऊन निघालेल्या तटरक्षक दलाच्या विमानाला प्रवासी विमान धडकलं. प्रवासी विमानातले ३७९ जण पेटत्या विमानातून सुखरूप बाहेर आले. छोट्या विमानातले पाच गेले. दाजींनी ते दृश्य पाहिलं आणि ते उठून थेट तिकीट काढणाऱ्याकडे गेले. परत आणायचीच म्हणून.

आता इथं माझा दोष सांगते. ताईने मला म्हटलं, तू समजाव तिला, तुझं ऐकते. मी शिकलेली, दुसऱ्यांच्या मुलींना ‘बाहेर पडा’ म्हणून सांगणारी. मी तिला लिहिलं : ‘पुरे झालं, परत ये. वर्षाचं काय, पुन्हा करता येईल.’ तो निरोप अजून माझ्या फोनमध्ये आहे.

तिचं उत्तर मला नाही, बाबांना गेलं. फोनवर. ताईने स्पीकर लावला होता. “बाबा, मी घाबरले होते. आत्ताही घाबरलेय, जमीन अजून हलते. पण इथं कुणी पळत नाहीये. मी आले तर ही आजी मला विमानतळापर्यंत सोडायला येईल, अशी आहे ती. मला तिच्या घरातल्या फुटलेल्या बश्या गोळा करायच्यात. मग ओकायामाला जाईन. परीक्षा आहे.”

दाजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “हातमोजे घालून गोळा कर.”

तिकिटाची चौकशी केल्याची रिक्षा, चाळीस रुपये, वहीत आहे.

मागे पडलेलं वर्ष

ऑगस्ट २०२४ मध्ये ती परत आली. आणि दाजींनी जे सांगितलं होतं तेच झालं. वर्ष मागे पडलं.

हे नीट सांगायला हवं, कारण अशा लेखांत हे कुणी लिहीत नाही. तिकडे तिने दोन सत्रं शिकून श्रेयांकांची रीतसर गुणपत्रिका आणली होती. इकडे अभ्यासक्रमातल्या पेपरांची नावं ठरलेली. तिकडचे वर्ग भाषेच्या पातळीप्रमाणे, नावं जुळत नाहीत, सत्राच्या तारखा जुळत नाहीत. आपलं वर्ष जुलैत सुरू होतं, तिकडचं एप्रिलमध्ये, आणि ही गेली ऑक्टोबरच्या सत्राला. तिच्या कॉलेजने थोडे श्रेयांक धरले, बाकीचे पेपर पुन्हा द्यायला सांगितले. वर्गातल्या मैत्रिणी पदवी घेऊन नोकरीला लागल्या, ही पुन्हा बाकावर. आता २०२१ पासून श्रेयांकांची बँक आलेली आहे, कागदावर सगळं सोपं झालेलं आहे. प्रत्यक्षात तुमच्या टेबलावरचा कारकून कुठला नियम वाचून आलाय त्यावर बरंच ठरतं. मी स्वतः कॉलेजात नोकरी करते, तरी निघण्याआधी ‘तिकडचे कुठले विषय इकडे कशाच्या जागी धरणार’ हे लेखी घ्यावं, हे मला सुचलं नाही. घ्या. सहीशिक्क्यासकट घ्या. ते न देणारं कॉलेज असेल तर वर्ष जाणार हे धरूनच निघा.

ते वर्ष तिला जड गेलं. तिकडे एकटीने पोळपाट-लाटणं नसताना बाटलीने पोळ्या लाटणारी मुलगी इथं आईच्या स्वयंपाकघरात उगाच चिडायची. काही जणांनी विचारलं, “मग पगाराची नोकरी कधी?” काहींनी स्थळं आणली आणि जपानला एकटी राहिलेली म्हटल्यावर परत नेली. ताईने ती वहीत लिहिली नाहीत, पण तिला प्रत्येक पाठ आहे.

मार्च २०२५ मध्ये तोयामाची मैत्रीण इंदूरला आली. त्यांच्याकडे तेव्हा वसंताची सुट्टी असते आणि नेमकी आपली रंगपंचमी. राजवाड्यावरच्या गेरमध्ये ती मुलगी जी रंगली ती दोन दिवस धुऊनही गुलाबीच होती. सकाळी पोहे-जिलबी. जेवायला बसताना ती हात जोडून ‘इतादाकिमास’ म्हणाली. म्हणजे काय, आजींनी विचारलं. भाचीने सांगितलं, हे अन्न मी नम्रपणे स्वीकारते, अशा अर्थाचं. आजींनी मान डोलावली आणि आपला जेवणाआधीचा श्लोक म्हटला. मग दोघी जेवल्या. आजींनी मुलीच्या आजीसाठी मेतकुटाची बाटली दिली आणि बजावलं, यात मासा नाही. मुलीच्या आजीने पाठवलेली बशी, सोनेरी रेघेने सांधलेली, ताईच्या काचेच्या कपाटात आहे. त्या दिवशी गोळा केलेल्यांपैकी एक.

भाचीने पदवी पूर्ण केली. आता ती पुण्यातल्या एका कंपनीत भाषांतराचं काम करते आणि शनिवार-रविवार फोनवरून जपानी शिकवते. शिकणाऱ्यांत खरगोनकडच्या नर्सिंग झालेल्या दोघी आहेत. कुशल कामगारांना जपानला नोकरीवर घेण्याचा करार भारत आणि जपान यांच्यात २०२१ च्या जानेवारीत झाला, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये दोन्ही सरकारांनी पाच वर्षांत पन्नास हजार भारतीय कुशल मनुष्यबळ तिकडे जाईल असं उद्दिष्ट जाहीर केलं. वृद्धांची शुश्रूषा हे त्यातलं एक काम. भाची त्यांना पुस्तकातली भाषा शिकवते आणि वर म्हातारी माणसं बोलतात ती बोलीसुद्धा. “भाषा परीक्षेला लागते, मावशी. बोली आजीला लागते.”

शिकणाऱ्यांत तिसरी माझी जुनी विद्यार्थिनी. घर रावेरकडचं, केळीची बाग. भाचीचं ऐकूनच तिने पुण्यात जपानीला प्रवेश घेतला, आणि आता तिच्यापुढे एक वर्षाच्या एक्सचेंजचा अर्ज आहे. विषयांचं लेखी मात्र तिने आधीच मागून घेतलंय. अर्जावर पालकाच्या सहीची जागा रिकामी आहे. वडील म्हणतात, वर्ष वाया जाईल. भूकंपाचंही त्यांनी कुठेतरी ऐकलंय.

येत्या रविवारी मी त्यांच्याकडे जाणार आहे. दाजींना सहज सांगितलं तर म्हणाले, मीही येतो, सकाळच्या बसने. वही घेऊन येतो, त्यांना खरे आकडे दाखवू.